पानगळीत भोपळा जरूर आणा, पण लगेच कापू नका

प्रश्न थोडक्यात असा होता: पानं पिवळी पडायला लागली की सगळीकडे भोपळे दिसतात, लोक हौसेने घरी आणतात, म्हणून मीही दोन आणले. एक पंधरा दिवसात देठापाशी मऊ पडला आणि त्याला पाणी सुटलं, दुसरा आणला त्याच दिवशी कापला तर पाणचट निघाला, चवच नाही. मग लोकांना यात एवढा आनंद कशाचा वाटतो, आणि मलाही तो हवा असेल तर काय करू?

मी तेवीस वर्षं भोपळे लावतेय, आणि वर्षाचे बाकीचे महिने एकीकडे आणि वेल सुकून फळं उघडी पडतात ते दोन-तीन आठवडे एकीकडे, इतका मला हा काळ प्रिय आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. सावकाश वाचा.

आधी तुमच्या दोन भोपळ्यांचं सांगते. दोघांचंही घाईमुळे बिघडलं, पण ती घाई सगळी तुमची नव्हती. पहिला बहुतेक नीट पिकायच्या आधी तोडलेला होता किंवा त्याच्या देठाला जखम झालेली होती. दुसऱ्याचं दोन प्रकारे होऊ शकतं, एक तर तोही कच्चाच तोडला असेल, नाहीतर तो कोरून दिवा लावायच्या जातीचा असेल. त्या जाती आकार मोठा यावा, साल कोरायला सोपी जावी म्हणून निवडत निवडत तयार केलेल्या असतात, त्यांचा गर पातळ, दोऱ्यांसारखा आणि पाणीदार असतो, खायचं म्हणून त्यांच्याकडे कुणी बघितलेलंच नसतं. खाता येतो तो, विषारी वगैरे काही नाही, पण त्याच्याकडून गोडव्याची अपेक्षा करू नये. खायला आणायचा असेल तर आकाराने लहान पण हातात घेतल्यावर अपेक्षेपेक्षा जड लागणारा आणा, जड म्हणजे आत गर भरलेला आहे.

आता मुख्य गोष्ट. भोपळा तोडला म्हणजे तो तयार झाला असं नसतं. काकडी आणि भोपळा एकाच कुटुंबातले, पण काकडी आपण कोवळी खातो, बिया तयार व्हायच्या आत, आणि भोपळा बिया पूर्ण भरल्यावर, साल कडक झाल्यावर. आणि तोडल्यावरही तो जिवंत असतो बरं का, श्वास घेत असतो, आतल्या आत त्याचं काम चालूच असतं. वेलावर असताना पानांनी बनवलेली साखर तो गरात स्टार्चच्या रूपाने साठवतो, आणि तोडून ठेवला की पुढच्या काही आठवड्यांत त्या स्टार्चची हळूहळू परत साखर होते. म्हणून चांगल्या जातीचा भोपळासुद्धा तोडल्या दिवशी खाल्ला तर पिठूळ, सपक लागू शकतो आणि तोच महिना-दीड महिन्याने कापला तर आपण हाच लावला होता का असं वाटावं इतका गोड लागतो. मला या फळाचं सगळ्यात काय आवडतं विचाराल तर हेच, त्याला नुसतं ठेवून दिलं की ते आणखी चांगलं होतं. आपण काही करायचं नाही, फक्त थांबायचं आणि अधूनमधून हात लावून बघायचं.

इंग्रजीत त्याला पंपकिन म्हणतात ते नाव मागे मागे जात ग्रीक 'पेपोन' या शब्दापर्यंत पोचतं, आणि त्याचा अर्थ उन्हात पिकलेलं. ग्रीकांनी अर्थात हा भोपळा कधी पाहिला नव्हता, तो अमेरिका खंडातला, त्यांचा शब्द कलिंगड-खरबुजासारख्या फळांसाठी होता. पण नाव असं चपखल बसलंय की मला दरवर्षी आठवतं.

पिकलाय की नाही कसं ओळखायचं, तर रंगावर जाऊ नका. काही जाती पिकूनही हिरव्या, राखाडी, निळसर राहतात आणि काही केशरी होऊनही आतून कच्च्या असतात. अंगठ्याचं नख सालीवर दाबा, जोर लावून, नख रुतलं तर कच्चा, नुसती खूण उमटली आणि साल फुटली नाही तर पिकला. टिचकी मारली की पोकळ, घुमणारा आवाज येतो तोही बघा, पण आवाज कानाला ओळखू यायला दोन-तीन मोसम जातात. आणि मग देठ. मी कुठेही भोपळा बघितला की आधी देठाकडे बघते, फळाकडे नंतर. देठ हिरवा, रसरशीत असेल तर अजून वेलातून रस येत होता आणि मधेच तोडलाय. देठ सुकून लाकडासारखा किंवा बुचासारखा झाला असेल तर वेलाने आपलं सगळं देऊन झालंय आणि स्वतःच ते दार बंद केलंय. देठाचा किमान चार बोटं तुकडा फळाला राहिलेला हवा. तो तुटला तर तिथे उघडी जखम राहते आणि बुरशी बरोबर तिथूनच आत शिरते, तुमचा पहिला भोपळा देठापाशीच मऊ पडला ना, ते असं. म्हणून भोपळा देठाला धरून कधी उचलायचा नाही. लहान मुलांना मोह होतो, हँडलसारखा दिसतो ना तो, पण दोन्ही हात खाली घालून, बाळाला उचलतो तसा उचलायचा, आणि मुलांना हे एकदा दाखवलं की ती फार मनापासून तसंच करतात.

देठावरून अजून एक गंमत कळते. आपण ज्यांना सरसकट भोपळा म्हणतो त्यात मुख्यतः तीन वेगवेगळ्या प्रजाती आहेत, तिघीही कुकुर्बिटा या एकाच वंशातल्या. कुकुर्बिटा मॅक्सिमाचा देठ गोल, जाडजूड, बाटलीच्या बुचासारखा, त्याला कंगोरे नसतात. कुकुर्बिटा पेपोचा देठ कडक आणि पाच कडांचा. आणि कुकुर्बिटा मोस्काटाचाही कडक, कडांचाच, पण फळाला जिथे चिकटतो तिथे पसरट होतो, उलटी ठेवलेली चांदणी असावी तसा. एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं कसं वागायचं ते ठरवता येतं. मॅक्सिमा आणि मोस्काटा थांबल्यावर गोड होतात, मोस्काटा तर सगळ्यात जास्त टिकते. पेपोतले छोटे, खोल खाचांचे, गडद हिरवे, एकोर्न म्हणतात तो प्रकार मात्र लवकर खाऊन टाकायचा, त्याला जास्त ठेवलं की गर दोरेदार होतो. सगळ्या भोपळ्यांना एकच नियम लावला की निराशा होते ती इथेच.

घरी आणल्यावर, किंवा वेलावरून तोडल्यावर, आधी पहिले दहा दिवस उबेत ठेवायचा. साधारण 27 ते 29 अंश सेल्सिअस, कोरडी मोकळी हवा, ऊन येणारी खिडकी असली तर उत्तम. या दिवसात सालीवरचे बारीक ओरखडे भरून येतात, त्यावर बुचासारखा थर बसतो, साल आणखी कडक होते आणि देठाचं तोंड पूर्ण सुकतं. आमच्याकडे याला आम्ही भोपळ्याची विश्रांती म्हणतो. हे झालं की मग थंड जागी, 10 ते 13 अंश, कोरडी, हवा खेळती. 10 च्या खाली नको, फ्रीजमध्ये तर अख्खा भोपळा अजिबात नको, गारठ्याने त्याच्या आतल्या पेशी दुखावतात आणि तो बाहेर काढल्यावर सडायला लागतो. रात्री दव गोठून पानांवर पांढरा थर बसायच्या आत फळं घरात आणायची तेही त्याचसाठी, एका रात्रीत वेल काळा पडतो आणि फळाला तो गारठा बसला की ते वरून चांगलं दिसलं तरी टिकत नाही.

ठेवताना एकावर एक रचू नका, फोटोत छान दिसतं पण खालच्यांवर दाब येतो आणि जिथे साल सालीला टेकते तिथे ओल साठते. थेट फरशीवर नको, खाली फळी किंवा पुठ्ठा. सफरचंदांच्या आणि नाशपातींच्या जवळ नको, त्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि भोपळा लवकर म्हातारा होतो. एवढं पाळलं तर पेपो जातीचे दोन-तीन महिने आणि मॅक्सिमा-मोस्काटा तीन ते सहा महिने आरामात राहतात. आणि आठवड्यातून एकदा प्रत्येकाला हातात घ्या, उलटून बुडाकडे बघा, अंगठ्याने हलकं दाबा. मऊ लागला तर तो त्याच दिवशी वापरायचा. हे काम मला एवढं आवडतं की मी ते कुणाला देत नाही. बाहेर अंधार लवकर पडायला लागलेला असतो, हवा कोरडी, आणि एकेक गार जड भोपळा मांडीवर घेऊन फिरवायचा, एकाचा रंग गेल्या आठवड्यापेक्षा गडद झालेला असतो, एकावर राखाडी चकाकी आलेली असते. आनंद कशाचा विचारलंत ना, तर माझा अर्धा आनंद या आठवड्याच्या अर्ध्या तासात आहे.

रंगाचं निघालंच आहे तर सांगते, कारण मला स्वतःला हे कळलं तेव्हा पानगळीकडे बघायची माझी नजर बदलली. झाडाच्या पानात हिरवं क्लोरोफिल असतं आणि त्याच्यासोबत पिवळी-केशरी कॅरोटिनॉइड द्रव्यंही असतात, उन्हाळाभर असतातच, फक्त हिरव्याखाली झाकलेली. दिवस लहान व्हायला लागले की झाड नवीन क्लोरोफिल बनवणं कमी करतं, जुनं मोडतं, पानातलं कामाचं, मुख्यतः नायट्रोजन, फांद्यांत आणि मुळांत ओढून घेतं, आणि मग खालचा पिवळा-केशरी रंग उघडा पडतो. लाल रंगाचं वेगळं आहे, तो अँथोसायनिनचा, तो बऱ्याच झाडांत पानगळीच्याच वेळी नव्याने तयार होतो, आणि दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा (पण गोठणारी थंडी नाही) अशी हवा मिळाली की जास्त खुलतो. तर भोपळ्याचं बघा, तो कोवळा असताना हिरवा असतो, आणि पिकताना त्याच्याही सालीतलं क्लोरोफिल मोडतं आणि कॅरोटिनॉइड वर येतात, बीटा कॅरोटीन त्यातलंच, गाजराला गाजराचा रंग देणारं. म्हणजे बाहेरचं पिवळं-केशरी पान आणि खिडकीतला केशरी भोपळा एकाच घराण्याच्या रंगात रंगलेले असतात, आणि तेही एकाच वेळी. फरक इतकाच की पान झाडापासून सुटणार असतं आणि भोपळा बिया पोटात घेऊन थांबणार असतो. पुढच्या वेळी एक पिवळं पान उचलून भोपळ्याच्या सालीवर ठेवून बघा.

आता तुम्ही पुढच्या वर्षी लावायचं म्हणाला नाहीत, पण मी म्हणते लावा, एक तरी वेल लावा, कारण भोपळ्याचा निम्मा आनंद तो फळ व्हायच्या आधीचा आहे आणि तो विकत मिळत नाही. जागा लागते, वेल सहज तीन-चार मीटर पसरतो, कधी त्याहून जास्त, दिवसभर ऊन लागतं, आळ्यात भरपूर कुजलेलं खत लागतं. बी गार मातीत टाकू नका, कुजतं, माती किमान 18-20 अंश झाली की टाका. पेरल्यापासून जातीप्रमाणे 90 ते 120 दिवस, म्हणून ज्या महिन्यात फळ हवं तिथून मागे मोजायचं. पाणी मुळाशी, पानांवर नाही. लागवडीचं एवढं पुरे, हे वेल मेहनती असतात, फार लाड मागत नाहीत.

पण फुलं! फुलांसाठी पहाटे उठा. भोपळ्याची फुलं पहाटे उमलतात आणि ऊन चढलं की दुपारच्या आत मिटतात, एक फूल एकच सकाळ, परत उमलत नाही. पहिल्या आठवड्यात सगळी नरफुलं येतात, लांब देठाची, आणि लोक घाबरतात की फुलं गळतायत फळ धरत नाही, तर घाबरू नका, ते तसंच असतं. मादीफूल ओळखायला सोपं, पाकळ्यांच्या खाली इवलासा भोपळा आधीपासूनच असतो, गोटीएवढा, सगळा आकार त्यात दिसतो. परागकण मोठे आणि चिकट, वाऱ्याने उडत नाहीत, त्यामुळे मधमाशी यायलाच हवी. मादीफूल मिटायच्या आत पुरेसे पराग पोचले नाहीत तर ती गोटी पिवळी पडून गळते. माश्या कमी असतील तर सकाळी एक नरफूल तोडून पाकळ्या काढायच्या आणि मधला दांडा मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा, झालं. भोपळा जिथला, त्या अमेरिका खंडात याच फुलांवर जगणाऱ्या खास मधमाश्या आहेत, पोळं करत नाहीत, एकेकट्या जमिनीत बीळ करतात, आणि त्यांच्यातले नर दुपारी मिटलेल्या फुलातच झोपून जातात. मिटलेलं फूल हलकेच दाबलं तर आतून गुणगुण ऐकू येते.

फळ धरल्यावर एका वेलावर एक-दोनच ठेवायची, मोठी हवी असतील तर. आणि मग मुलं घरात असतील तर हे जरूर करा, यासारखी साधी आणि यासारखी मोठी मजा मी दुसरी पाहिली नाही. भोपळा नारळाएवढा झाला की, साल अजून कोवळी आणि हिरवी असताना, बोथट खिळ्याने किंवा बॉलपेनाच्या टोकाने त्यावर मुलाचं नाव हलक्या हाताने कोरायचं. खोल नाही, सालीचा वरचा पापुद्रा फाटेल इतकंच. आधी त्यातून रस येतो, मग दोन-चार दिवसात खपली धरते, आणि भोपळा जसा वाढतो तसं नावही वाढत जातं, अक्षरं रुंद होतात, फुगतात, शेवटी केशरी सालीवर फिकट तपकिरी उठावाची अक्षरं तयार. बोटाने वाचता येतात. मी एकदा एका सहा वर्षांच्या मुलीला दाखवलं, ती रोज शाळेतून आली की आधी माझ्या मळ्यात, अक्षरांना टेप लावून मोजायची, आज आपलं नाव किती मोठं झालं. पानगळीत तो भोपळा तोडला तेव्हा तिने कापूच दिला नाही, जानेवारी संपेपर्यंत तिच्या पलंगाशेजारी होता. जखम कोरडी राहायला हवी एवढंच बघा, पावसाची झड असताना कोरू नका. आणि नाव कोरलेलं फळ बाकीच्यांपेक्षा थोडं आधी वापरायला लागतं, साल फाटलेली असते शेवटी.

मोसमाच्या शेवटी पानांवर पिठासारखी पांढरी भुरी दिसते, त्यावर मला दरवर्षी विचारलं जातं. फळ लहान असताना आली तर काळजी करा, रोगट पानं काढा, हवा खेळती ठेवा. पण फळं रंग धरत असताना आली तर वेल आता थकलाय एवढंच समजा, औषधं मारत बसू नका.

कोरून दिवा लावायचा असेल तर लक्षात ठेवा, साल कापली की ते संरक्षण संपलं, मग तो काही दिवसांचाच पाहुणा, उबदार हवेत तीन-चार, गार हवेत आठवडा-दहा दिवस. म्हणून हवा त्या दिवसाच्या फार आधी कोरू नका. वरचं झाकण कापण्यापेक्षा बुडाशी भोक पाडलं तर देठ शाबूत राहतो आणि दिव्यावर भोपळा नुसता ठेवता येतो. आत पूर्ण खरवडून घ्या, ओले दोरे राहिले की बुरशी तिथेच धरते. मेणबत्तीच्या ऐवजी छोटा एलईडी दिवा वापरला तर आतून शिजत नाही.

खायचं म्हटलं तर माझं मत ठाम आहे, पाण्यात उकडू नका. भोपळ्यात मुळात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, 100 ग्रॅम कच्च्या गरात जेमतेम 26 कॅलरी, त्यात आणखी पाणी घातलं की तुम्हाला लागला तसाच पाणचट लागणार. दोन भाग करा, बिया काढा, कापलेली बाजू खाली ठेवून ओव्हनमध्ये 200 अंशाला पाऊण ते एक तास, सुरी सहज आत गेली की झालं. पाणी उडतं, साखर थोडी करपते, घरभर वास सुटतो, आणि गर चमच्याने निघतो. त्यावर थोडं लोणी किंवा तेल घाला, कारण बीटा कॅरोटीन स्निग्धाबरोबर असलं तर अंगी लागतं, आणि मीठ-मिरी. एवढंच. चांगला पिकलेला, थांबलेला भोपळा असेल तर आणखी काही लागत नाही, आणि मला तर पहिल्यांदा काही न घालताच एक घास खाऊन बघायला आवडतं. उरलेला गर चाळणीत निथळून डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाका, महिनोन्‌महिने राहतो.

बिया फेकू नका. धुऊन, दोरे काढून, कापडावर रात्रभर पसरून कोरड्या होऊ द्या, ओल्या भाजल्या तर वातड होतात. मग थोडं तेल-मीठ चोळून 160 अंशाला पंधरा-वीस मिनिटं, मधे एकदा हलवून. सालीसकट खायला हरकत नाही. ऑस्ट्रियातल्या स्टायरिया भागात तर एक भोपळा असा आहे की ज्याच्या बियांना कडक सालच नसते, निसर्गात झालेला बदल होता तो, लोकांनी हेरून जपला, आणि त्या हिरव्या बियांचं गडद हिरवं तेल काढतात.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. भोपळा चाखल्यावर कडू लागला तर थुंकून टाका आणि सगळा फेकून द्या, थोडा शिजवून बघू असं नको. तो कडूपणा कुकुर्बिटासिनचा, शिजवून जात नाही आणि पोट वाईट बिघडवतो. दुकानातल्या भोपळ्यात असं फार क्वचित होतं, पण घरच्या भोपळ्याच्या बिया ठेवून लावल्या आणि आसपास शोभेचे छोटे रंगीत भोपळे असले तर त्यांचा संकर होऊन पुढच्या वर्षीची फळं कडू निघू शकतात. मधमाशीने पराग आणला म्हणून याच वर्षीच्या फळाची चव बदलत नाही, बदल बीमध्ये जातो. म्हणून लावायचं बी विकत घ्या, खायचं बी खा.

हा कडूपणा खरंतर त्याचं जुनं रूप आहे. मेक्सिकोतल्या ओआहाका भागात गिला नाकीत्स नावाच्या गुहेत लागवडीच्या भोपळ्याच्या जवळपास 10 हजार वर्षं जुन्या बिया सापडल्या, म्हणजे त्या भागात मक्याच्याही आधी माणसाने हा वेल हाताशी धरला होता. तेव्हाची रानटी फळं लहान, कडू, पातळ गराची, बहुतेक बियांसाठी आणि कडक कवचासाठीच लावत असतील. त्याआधी मॅस्टोडॉनसारखे हत्तीएवढे प्राणी ती कडू फळं खायचे, त्यांच्या शेणाच्या अवशेषांत या बिया मिळाल्यात. गोडवा माणसाने नंतर आणला, पिढ्यान्‌पिढ्या त्यातल्या त्यात कमी कडू फळाचं बी राखून. मी गोड फोड तोंडात घालते तेव्हा त्या थांबलेल्या लोकांची मला खरंच आठवण येते.

राक्षसी भोपळ्यांचं कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगून टाकते. ते सगळे मॅक्सिमा, कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं निवड करून काढलेल्या अटलांटिक जायंट जातीचे वंशज. 2023 मध्ये कॅलिफोर्नियात हाफ मून बेला ट्रॅव्हिस गिंगर यांचा भोपळा 1,246.9 किलो भरला होता. ऐन वाढीत असा भोपळा दिवसाला पंधरा-वीस किलोने वाढतो, आणि स्वतःच्याच वजनाने पसरट होतो. कौतुक वाटतं, त्यामागे माणसाचे किती रात्रीचे जागर असतात ते मला माहिती आहे. पण मांडीवर घेता येत नाही असा भोपळा मला नको.

तर तुमच्यासाठी आत्ताचं काम. मोसम अजून चालू आहे. देठ सुकलेला, नख न रुतणारा, हाताला जड असा एक भोपळा आणा, शक्यतो मोस्काटा, देठ फळाला चिकटतो तिथे फुलासारखा पसरलेला बघून. खडूने बुडाशी आजची तारीख लिहा. दहा दिवस उबेत, मग घरातल्या सगळ्यात गार कोरड्या कोपऱ्यात फळीवर. सहा आठवडे कापायचा नाही, कितीही वाटलं तरी. दर रविवारी उलटून बघा. माझ्या फळीवर आत्ता अकरा आहेत, त्यातला एक अजून अर्धा हिरवा आहे आणि मी त्याच्यावरच लक्ष ठेवून आहे, काल देठाजवळ पहिली केशरी रेघ दिसली.